तिळगूळ घ्या, सावली सांभाळा

एप्रिल महिना, दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि समोर उभा असलेला पन्नाशीचा माणूस माझ्या हातावर तिळगुळाची वडी ठेवून म्हणतोय, "तिळगूळ घ्या, सावली सांभाळा." माझ्या नोकरीचा तिसरा दिवस होता. मी मनात म्हटलं, झालं, आयुष्यातली पहिली नोकरी आणि वाट्याला आला हा असा येडा माणूस.

मी मूळची देवळ्याची, आणि तोंडाची फटकळ. मनात म्हणून गप्प बसणारी नव्हेच. विचारलंच, "संक्रांत होऊन तीन महिने झाले की."

"ती तुमची," ते म्हणाले. "आमची आज."

आमची म्हणजे कोणाची, तर त्यांची आणि एका काचेच्या गोळ्याची.

नाशकाबाहेर, आडगावच्या अंगाला, आमचं शेतीसंशोधनाचं एक केंद्र होतं. त्याच्या एका कोपऱ्यात तारेच्या कुंपणाआड हवामानाचं आवार. त्यात पांढऱ्या झडपांची एक पेटी, तिच्यात तापमापक. पाऊस मोजायचं एक नळकांडं. आणि मधोमध सिमेंटच्या खांबावर बसवलेला, मोसंब्याएवढा, भरीव काचेचा गोळा. गोळ्याच्या मागे पितळेची वाटी, वाटीला खाचा, आणि खाचेत रोज एक निळसर जाड कार्ड सरकवायचं. ऊन गोळ्यातून गेलं की मागच्या कार्डावर एका बिंदूत गोळा होतं आणि तेवढी जागा जळते. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी कार्ड काढायचं, रेघ मोजायची, की आज किती तास ऊन पडलं ते कळतं. बस, एवढंच यंत्र. ना चावी, ना वीज. "ज्याला मोजायचं, तोच येऊन स्वतः लिहून जातो," असं ते म्हणायचे.

सूर्य काही वर्षभर एका वाटेनं जात नाही. त्यामुळे कार्डंही तीन प्रकारची असतात: हिवाळ्यात आखूड वाकडं, उन्हाळ्यात लांब वाकडं आणि दोन्हींच्या मधल्या दिवसांत सरळ. वर्षातून चारदा कार्डाची जात बदलते. त्या चार दिवशी हा माणूस घरून तिळगूळ करवून आणायचा आणि साहेबांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना वाटायचा. लोक हसायचे आणि खायचे. पुढे पुढे तर आमच्या टाइपिस्टबाई सप्टेंबर लागला की विचारायच्या, "काय गं, तुमची संक्रांत कधी आहे?"

सगळे त्यांना नाना म्हणायचे. मीही नानाच म्हणणार आहे. खरं नाव त्यांना स्वतःलाही मस्टरवर सही करतानाच आठवत असावं.

आणि ते "सावली सांभाळा" उगाच नव्हतं. आवाराच्या फाटकातून कोणीही आत पाऊल टाकलं की नाना पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या सावलीकडे बघत. सावली गोळ्याच्या दिशेनं निघाली की ओरडलेच. एकदा पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. सकाळची वेळ, साहेब धिप्पाड, आणि नेमके गोळ्याच्या पूर्वेला उभे राहून आम्हाला कामातल्या काटेकोरपणाबद्दल सांगायला लागले. नाना दोनदा म्हणाले, "साहेब, सावली." साहेबांना वाटलं, हे आपल्याला सावलीत चला म्हणतायत. ते म्हणाले, "असू दे, असू दे, मला उन्हाची सवय आहे." संध्याकाळी कार्ड काढलं तर सकाळच्या रेघेत बारीक खंड पडलेला. नानांनी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिलं, 'खंड – ढग नाही, साहेब.' पेन्सिलनंच, कारण शाई दमट हवेला फुटते. कार्डावर त्यांनी कधी पेन टेकवला नाही. तो शेरा खोडा म्हणून आमच्या इथल्या साहेबांनी त्यांना तीनदा सांगितलं. नानांनी ऐकलं नाही. म्हणाले, "मग त्या पाच मिनिटांत ऊन कुठं गेलं ते तुम्ही लिहून द्या."

त्यांच्या उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं, चांगलं बोटभर नाही पण अर्ध्या पेराएवढं. मला सुरुवातीला त्या नखाची किळस यायची. तंबाखू चोळतात की काय, असं वाटायचं. मग कळलं की जळलेलं कार्ड खाचेतून काढताना बोटं लागून काजळी पसरू नये म्हणून ते नख. नखानं कार्ड अलगद उचलायचे. गोळा पुसायला माईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या सुती पातळाचा तुकडा. थंडीत पहाटे गोळ्यावर दव धरतं, ते उगवतीच्या आधी पुसावं लागतं. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेलच. त्या थंडीत हा माणूस कानटोपी न घालता, उघड्या डोक्यानं, काचेला पदरानं बाळाचं तोंड पुसावं तसा पुसत उभा असायचा.

जेवायला बसलं की त्यांचं निराळंच चालायचं. "आज कुठलं ऊन आणलंस डब्यात?" हा रोजचा प्रश्न. बाजरीची भाकरी असली की म्हणायचे, हे पावसाळी ऊन, ढगांच्या फटीतून आलेलं, म्हणून जरा कडवट. ज्वारी म्हणजे थंडीतलं, कोवळं. मी घरचा कांदा फोडला की म्हणायचे, "देवळ्याचं ऊन आहे बाई हे, डोळ्यांत पाणी आणणारच." आणि द्राक्ष म्हणजे तर काय, छाटणीपासून चार महिन्यांचं ऊन सालीत भरून ठेवलेलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, सगळंच ऊन कसं असेल? मी सकाळी बसनं आले, ती डिझेलवर चालते."

"डिझेल कशाचं झालं?"

"जमिनीतनं निघतं."

"जमिनीत कोणी नेऊन ठेवलं? कधीकाळी समुद्रात शेवाळ वाढलं, उन्हावर वाढलं, मेलं, गाळात दाबलं गेलं. तू आज लाखो वर्षांपूर्वीच्या उन्हावर बसून आलीस. आणि तरी सात मिनिटं उशिरा."

त्यांच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नसायचा. रामकुंडावर लोक सूर्याला अर्घ्य देतात, ते त्यांनी आयुष्यात कधी दिलं नाही. म्हणायचे, "तो समुद्रातनं उचलून ब्रह्मगिरीवर पाणी आणून ओततो, तेव्हा कुठं ही गोदावरी वाहते. त्यातलंच ओंजळभर त्याला परत दाखवायचं? मला लाज वाटते." माई मात्र रथसप्तमीला अंगणात गोवरी पेटवून दूध उतू घालवायच्या. नाना त्या दिवशी उगाच अंगणात घुटमळत राहायचे आणि दूध नेमकं पूर्वेला उतू गेलं की खूश व्हायचे.

पण आमची खरी जुंपायची पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये नाशकात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कार्डावर एक ठिपका उमटत नाही. आणि हे रोज संध्याकाळी भिजत जाऊन ते कोरं कार्ड काढणार, त्यावर तारीख घालणार, नवं कोरं कार्ड सरकवणार. मी म्हटलं, "नाना, हे कोरंच आहे की. उद्या हेच चालेल. सरकारची कार्डं कशाला वाया घालवायची?"

त्या दिवशी ते माझ्यावर पहिल्यांदा रागावले. ओरडले नाहीत. आवाज उलट बारीक झाला. "आज ऊन पडलं नाही, ही नोंद आहे. तू कार्ड बदललं नाहीस, तर ते ऊनही नाही आणि नोंदही नाही. मग उद्या कोणी विचारलं, तो आला नव्हता की तुम्ही बघितलं नव्हतं, तर काय सांगशील?" मग जरा शांत झाले. "आणि आला नाही असंही म्हणू नये. हा जो उजेड दिसतोय तुला, तो काय तुझ्या आत्याच्या घरनं आला? ढगाआड असतो तो. कामावर असतो."

ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं नको तिथं उपयोगी पडलं.

पंचाण्णवच्या दिवाळीत ग्रहण होतं. सकाळीच लागलं. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. मला यावं लागलं कारण सकाळची सातची नोंद माझ्याकडे होती. मी येताना तोंडाला पदर बांधून आले होते, आईची सक्त ताकीद होती. नाना म्हणाले, "वर बघू नकोस, ते खरंच वाईट. पण खाली बघ." आवाराबाहेर कडुनिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत पानापानांमधून पडलेले उन्हाचे कवडसे रोज गोल असतात, ते त्या दिवशी सगळे कोरीसारखे वाकडे झाले होते. जमिनीवर शेकडो चंद्रकोरी. माझ्या साडीवरही. मी पदर सोडला आणि नुसती बघत उभी राहिले. संध्याकाळी कार्डावर सकाळची रेघ बारीक होत होत तुटलेली आणि मग पुन्हा बारीकशी सुरू होऊन जाड झालेली दिसली. नाना ती रेघ नखानं पुन्हा पुन्हा चाचपत होते. मला वाटलं, कौतुकानं. आता वाटतं, तेव्हापासूनच सुरू झालं असावं.

कारण दोन-तीन वर्षांनी, पावसाळा संपता संपता, मी सकाळची वही तपासत होते आणि एका आकड्यावर अडखळले. पेटीत दोन तापमापक शेजारी असतात. एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या टोकाला भिजवलेली मलमल गुंडाळलेली असते. ओल्याचा पारा कोरड्याच्या वर जातच नाही. घामेजल्या अंगाला वारा लागला की गार वाटतं, तसंच ते. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरही ती चूक करत नाही. आणि नानांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, कोरडा एकवीस, ओला तेवीस.

मी वही घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "नाना, हे काय?"

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. मग आणखी जवळ. मग एका बाजूला तिरकी धरली. 

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "मोतीबिंदू असता तर काढला असता. हा निघत नाही. आजूबाजूनं मिटत मिटत मध्ये येतो." मग हसले. "तीस वर्षं काच पुसली. तिनं बघ, आठवण म्हणून नाव ठेवलं."

"साहेबांना सांगितलं?"

"सांगितलं तर मला टेबलावर बसवतील. सव्वा वर्ष राहिलंय मुली. कार्ड मला वाचता येतं." आणि त्यांनी ड्रॉवरमधून पत्र्याची एक पट्टी काढली. तासातासाला कानशीनं खाच पाडलेली. पट्टी कार्डाला लावून नखानं जळकी रेघ चाचपत गेले आणि म्हणाले, "सात पूर्णांक चार." मी डोळ्यांनी मोजलं. सात पूर्णांक चारच होते.

तापमापक मात्र नखानं वाचता येत नाही. म्हणून ठरलं असं, की मी सकाळी सातला आणि दुपारी दोनला पेटीपाशी उभं राहून हळूच आकडा सांगायचा आणि नानांनी वहीत लिहायचा. अक्षर त्यांचं, डोळे माझे. मी नोकरीची जोखीम घेत होते हे मला कळत होतं. पण त्या गोळ्यापासून त्यांना उठवणं मला जमणारं नव्हतं. वर्षभर आम्ही ते चालवलं. कोणाला शंका आली नाही.

मग नोव्हेंबरात मी तापानं पडले. चार दिवस.

मखमलाबादकडचे एक बागायतदार होते, रोज सकाळी फटफटी घेऊन हवेतला दमटपणा विचारायला यायचे. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर द्राक्षाची पानं कोवळी असतात; हवा दमट असली की डावणीची बुरशी पडते, एका रात्रीत घड सडतात. दमटपणा जास्त असला की ते फवारायचे, कमी असला की थांबायचे. आणि दमटपणा काढतात त्या ओल्या-कोरड्याच्या फरकावरनंच. मी नसताना चार दिवस नानांनी आकडे अंदाजानं सांगितले. ते म्हणाले, "कोरडी आहे हवा, थांबा." बागायतदार थांबले. बागेचा ओढ्याकडचा सगळा तुकडा गेला.

मी कामावर परतले त्या सकाळी ते बागायतदार आले होते. हातात काळवंडलेला एक घड. ओरडायला नाही, दाखवायला. "नाना, हवा दगा देती कधीकधी," ते म्हणाले. "तुमचा काय दोष हाय त्याच्यात? लय वर्षं तुमच्या शब्दावर बाग पिकली." आणि गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाना घड हातात घेऊन उभे होते. एक एक मणी चाचपत होते. मी म्हटलं, "नाना, माझी चूक. मी निरोप धाडायला हवा होता." ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून आले. माझं नाव तेवढं वगळलं. मला ते नंतर साहेबांकडूनच कळलं: "तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणे."

साहेब माणूस चांगला. त्यांनी कागदी काही केलं नाही. पण नानांचं आवार बंद झालं. निवृत्तीला दोनेक महिने होते, तेवढे नानांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. ती खोली उत्तरेकडची. तिथं थंडीभर ऊन येत नाही.

पहिल्या दिवशी पावणेसहा वाजले, सगळे घरी गेले, नाना बसूनच. मला कळेना. मग कळलं. सूर्य मावळल्यावर मी कार्ड काढलं आणि त्या खोलीत नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पट्टी लावली, नख फिरवलं. "आठ पूर्णांक नऊ. साडेअकराला एक पांढरा ढग गेला, होय?" मी हो म्हटलं. मी बघितलाही नव्हता. मग ते उठले, माईंच्या पातळाचा तुकडा खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "दव धरायला लागलंय." मी तिथं रडले नाही. घरी जाऊन रडले.

निवृत्त झाल्यावरही ते थांबलं नाही. त्यांचं घर पंचवटीत, माझ्या घरी जायच्या वाटेवर. रोजचं कार्ड पर्समध्ये घालून मी संध्याकाळी त्यांच्याकडे उतरायची आणि सकाळी ते परत नेऊन फायलीत लावायची. नियमात बसत नव्हतं. ओट्यावर नाना बसलेले असत, नजर पार गेलेली. माई चहा ठेवत. कार्ड हातात आलं की नानांचा चेहरा निवळायचा. रेघ वाचत वाचत अख्खा दिवस सांगायचे: इथं विरळ ढग होता, रेघ पोकळ आहे, इथं धूळ असावी. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी ही वाट सुटली नाही. नवरा एकदा म्हणाला, "बापाला औषध द्यायला जावं तशी जातेस." मी म्हटलं, तसंच समज.

मग दोन-तीन वर्षांनी आवारात नवीन खांब आला. आपोआप सगळं मोजणारा, वर सौर पाटी लावलेला, आकडे परस्पर वर पाठवणारा. चांगलाच होता, मी नावं ठेवणार नाही. गोळा खांबावरून काढून कपाटात ठेवला. कार्डांचे दोन गठ्ठे उरले, ते रद्दीत जाणार होते. मी मागून घेतले.

त्या संध्याकाळी पंचवटीच्या थांब्यावर उतरले आणि तिथंच उभी राहिले. गोळा काढला हे त्यांना सांगायचं कसं? नुसता माणूस हलवला होता तेव्हा निदान गोळा जागेवर होता. मी तशीच पुढच्या बसनं घरी गेले. देवघरासमोर बसले. उदबत्ती पेटवली, आणि एक कोरं कार्ड घेऊन तिच्या टोकानं त्यावर रेघ जाळली. दिवसभरात खिडकीतून जेवढं ऊन बघितलं होतं तेवढी. दुपारचा एक ढग आठवला, तिथं हात उचलला. पहिली रेघ जाड आली, कार्डाला भोकच पडलं. दुसरी बरी आली. दुसऱ्या दिवशी ते कार्ड नेऊन दिलं आणि म्हटलं, "काल यायला जमलं नाही."

त्यांनी नख फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. "नऊ पूर्णांक एक," म्हणाले.

पुढची दोन वर्षं मी रोज निघण्याआधी ऑफिसातच उदबत्ती लावून खोटं ऊन जाळलं. फसवणूकच ती. मनाला खात होती. पण एक गोष्ट मी पाळली: ज्या दिवशी ऊन पडलं नाही, त्या दिवशी कोरं कार्ड नेलं. पावसाळ्यात महिनामहिना कोरी कार्डं नेली, तारीख घालून. जे नव्हतं ते मी कधी जाळलं नाही.

नाना गेल्यावर महिन्याभरानं मी माईंपाशी सगळं पहिल्यापासून कबूल केलं. माई हसल्याच. म्हणाल्या, "अगं, त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. दिवसभर ओट्यावर बसायचे ना. ढग आला की अंगालाच कळायचं. म्हणायचे, आता रेघ तुटली. संध्याकाळी तुझं कार्ड वेगळंच सांगायचं." मग पदर तोंडाला लावून आणखी हसल्या. "म्हणायचे, हिच्या आकाशात ढग नेमके दीड वाजताच येतात. डबा खायला बाहेर बसत असेल, तेवढंच आभाळ बघत असेल."

मी म्हटलं, "मग दोन वर्षं बोलले का नाहीत?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, पोरगी रोज एक उदबत्ती लावते. देवाला तरी कोण लावतं इतक्या नेमानं?"

मला ते फार आठवतात. कशाकशावरून आठवतात याला काही धरबंध नाही. बाजरी खाताना, साडी वाळत घालताना, कोणाची सावली अंगावर पडली की. आता मी निवृत्त आहे, सकाळी गच्चीत चटईवर बसते, पाठीला ऊन लागतं, ढग येतो, जातो. मी नकळत म्हणते, तुटली. घरातल्यांना वाटतं, दोरी.

शेवटचं कार्ड मात्र सांगायचं राहिलं.

श्रावण होता. आभाळ दहा दिवस गच्च. नाना अंथरुणाला खिळलेले. पाणीसुद्धा चमच्यानं. मी रोज कोरं कार्ड नेत होते. ते नख फिरवायचे, काही लागायचं नाही, म्हणायचे, "शून्य. लिही." आवाज रोज थोडा खाली जात होता. त्या दिवशी माई दारातच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, दोन दिवस." मी तशीच त्यांच्या देवघरात गेले. पर्समधून कार्ड काढलं, माईंच्या घरातली उदबत्ती पेटवली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही हात न उचलता, अख्खी रेघ जाळली. बाहेर पाऊस पडत होता.

कार्ड त्यांच्या हातात दिलं. माईंनी हात धरून पट्टी लावून दिली. नख टोकाला टेकलं आणि चालायला लागलं. खूप वेळ लागला. कुठंच थांबायला जागा नव्हती. शेवटाला आल्यावर ते परत सुरुवातीच्या टोकाशी गेले आणि तिथं थांबले.

"उगवतीलाच जाळलंस?" ते म्हणाले.

माझ्या लक्षात आलं. सूर्य उगवल्या उगवल्या कार्ड जळत नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं तो नुसता दिसतो, अंगात जोर नसतो. मावळतीलाही तसंच. दहा वर्षं मी कार्डं बदलली होती, आणि घाईत तेवढंच विसरले होते.

"चुकले नाना."

"पावणेतेरा तास," ते म्हणाले. "श्रावणात. नाशकात." ओठ हलले, हसले असावेत. खिडकीवर पाऊस वाजत होता, तो त्यांना ऐकू येत होताच. ज्या माणसानं साहेबांच्या सावलीची पाच मिनिटं सोडली नाहीत, त्याच्या हातात ते कार्ड होतं. ते म्हणतील ते ऐकायची मी तयारी केली.

"लिही," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "कुठं लिहू नाना? वही बंद झालीय. गोळा काढला, दोन वर्षं झाली."

"ते माहीतंय मला. तू लिही."

मी पर्समध्ये हात घातला. पहिल्यांदा पेन हाताला लागलं, ते परत ठेवलं. पेन्सिल शोधून काढली आणि कार्डाच्या पाठीवर लिहिलं.